दासीचं काम कुणी करायचं?

तुमच्या हौशी नाट्यसंस्थेनं यंदा अठराव्या शतकातल्या फ्रेंच दरबाराचं नाटक करायचं ठरवलंय, हे ऐकून आनंद झाला. पावडर मारलेले टोप, हातात पंखे आणि प्रत्येक पडद्याआड एक कान. निवड अगदी योग्य. आठवडाभर ऑफिसात साहेबांपुढे मान डोलावणाऱ्या माणसाला रविवारी तीन तास ड्यूक व्हायला मिळालं, तर बिघडलं कुठे?

आधी पात्रवाटप उरकून घ्या. संहितेत पाच उमराव, तीन उमरावपत्नी, एक कार्डिनल (म्हणजे चर्चचा बडा धर्मगुरू) आणि एक दासी आहे, असं धरून चालू. दासीला सगळ्या अंकांत मिळून जेमतेम वीस वाक्यं. पण प्रत्येक पत्र तिच्या हातून जातं, दाराआडून ऐकते ती आणि शेवटी बिंग फोडतेही तीच. ही गोष्ट पहिल्या वाचनाला कुणालाही सांगू नका. सांगून उपयोगही नाही म्हणा. त्या वेळी जो तो पेन्सिलीनं स्वतःच्या वाक्यांखाली रेघा ओढत असतो आणि शेजाऱ्याच्या रेघा मोजत असतो.

डचेस कोण, हा प्रश्न अभिनयावर सोडवायच्या फंदात पडू नका. जिच्या घरी तालमी होतात ती डचेस. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. चौदाव्या लुईनं १६८२ साली दरबार व्हर्सायला हलवला, तिथे तर सकाळी राजाच्या हातात सदरा कुणी द्यायचा हेसुद्धा दर्जावरून ठरत असे. तुमच्याकडे सदऱ्याच्या जागी तालमीच्या खोलीची किल्ली आहे, एवढाच फरक.

आता दासी. कुणी तयार होणार नाही. अशा वेळी मारी आंत्वानेतचं उदाहरण चुकूनही देऊ नका. या बाईसाहेब खुद्द फ्रान्सच्या राणी, पण नाटकाचं वेड आपल्यासारखंच. व्हर्सायच्या बागेत त्यांनी स्वतःसाठी छोटेखानी नाट्यगृह बांधून घेतलं, ते १७८० मध्ये तयार झालं. आत संगमरवर दिसतो तो रंगवलेला. बरीचशी सजावट कागदी लगद्याची. म्हणजे नेपथ्याचं बजेट राणीलाही पुरत नव्हतं, असं समजून समाधान मानायला हरकत नाही. तिथे राणी, दीर आणि खास मर्जीतली मंडळी मिळून नाटकं करायची. आणि राणी कोण व्हायची? दासी. नाहीतर खेड्यातली पोर. जन्मभर मुकुट वागवलेल्या बाईला ट्रे उचलायची हौस होती, आणि जन्मभर ट्रे उचलणाऱ्या आपल्याला मात्र मुकुटाशिवाय स्टेजवर पाऊल टाकवत नाही.

लेखकाला कारस्थानं कल्पनेतून रचू द्या, इतिहासातून उचलू देऊ नका. १७८५ च्या ऑगस्टमध्ये बोमार्शेच्या नाटकात नायिका व्हायची राणीची तयारी चालू होती, तेव्हाच राणीच्या नावावर लाटलेल्या हिऱ्यांच्या हाराचं प्रकरण फुटलं. राणीच्या नावाची बनावट पत्रं, रात्रीच्या अंधारात बागेत उभी केलेली तोतया राणी, तिला खरी समजून भुललेला एक कार्डिनल! १५ ऑगस्टला त्याला राजवाड्यातच अटक झाली आणि चार दिवसांनी राणी ठरल्याप्रमाणे स्टेजवर उभी राहिली. प्रयोग रद्द नाही. हे कथानक तुम्ही स्पर्धेत नेलंत, तर परीक्षक ‘अतिरंजित’ असा शेरा मारून मोकळे होतील.

मिशा लावू नका, त्या काळच्या दरबारात पुरुष गुळगुळीत दाढी करत. अर्थात ड्यूक लावेलच. मिशीशिवाय खानदानी वाटत नाही, असं त्याच्या बायकोचं मत असतं. विंगेत गर्दी करणाऱ्या नातेवाइकांनाही हटकू नका. पॅरिसच्या कॉमेदी फ्रान्सेज या नाट्यगृहात १७५९ पर्यंत बडे प्रेक्षक थेट रंगमंचावरच बसत. तुमचे मेहुणे निदान अर्धे तरी पडद्यामागे असतात.

पाठांतराचं टेन्शन घेऊ नका. दरबारी नाटकात पत्रं ढिगानं असतात, ती देवानं नटांसाठीच निर्माण केली आहेत. पत्राचा कागद उघडायचा आणि आत लिहून ठेवलेली वाक्यं वाचायची. आमच्या ड्यूकनं असंच केलं. काउंटेसनंही केलं. दोन्ही पत्रं एकसारखी, एकाच ट्रेमध्ये, लाल सीलसकट. दुसऱ्या अंकात ड्यूकनं एका हातानं मिशी दाबून धरत पत्र उघडलं, अक्षर आपलं नाही हे त्याच्या चेहऱ्यावर साफ उमटलं, पण गडी थांबला नाही. खर्जातल्या आवाजात त्यानं वाचलं, “महाराज, आपला अंकुर माझ्या उदरी वाढतो आहे.” एवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं. पण खाली कंसात लिहिलेलं “इथे हुंदका” हेही त्यानं वाचलं.

दासीचं काम तेव्हा एका नव्या मुलीकडे होतं. मुळात ती प्रॉम्प्टिंगला आलेली. तालमीला जो येणार नाही त्याची प्रॉक्सी तिनंच उभी राहायची, त्यामुळे अख्खं नाटक तिला तोंडपाठ. ती शांतपणे पुढे आली, ड्यूकच्या हातातला कागद काढून घेतला, दुसरा ठेवला आणि म्हणाली, “क्षमा असावी सरकार. ते आपलं गुपित नव्हे, बाईसाहेबांचं.” हे वाक्य संहितेत नव्हतं. प्रेक्षकांना वाटलं, कारस्थान इथेच फुटलं. टाळ्या थांबेचनात, आणि काउंटेसला रडायला पंधरा सेकंद ताटकळावं लागलं. त्याबद्दल तिनं त्या मुलीशी पुढे महिनाभर अबोला धरला.

प्रयोग संपल्यावर लोक आत आले ते “दासी कुठाय?” असं विचारत. ती बाहेर पोशाखांच्या बॅगा मोजत होती. आत ग्रुप फोटो चालला होता. मग तिला बोलावण्यात आलं, फोटो काढायला.

तेव्हा पुढच्या वर्षीची संहिता निवडताना एवढी खबरदारी घ्या, की तिच्यात दासी नको. पत्रं कबुतरानं आणलेली दाखवा. कबुतराला टाळ्या पडल्या तरी ते डचेसचं काम मागायला येत नाही.