आमदाराला देवाचं तिकीट

तुमचा आमदार रात्री एका पक्षात निजला आणि सकाळी दुसऱ्यात उठला, तर वाड्यावर तोंड लपवत फिरू नका. विकास, मतदारसंघाचा निधी, कार्यकर्त्यांचा आग्रह ही कारणं आता पंचायतीच्या पंचालाही पुरत नाहीत. जरा मोठा दावा हवा: या माणसाला देवानेच निवडलंय. एकदा हे ठरलं की त्याचे दोष दोष राहत नाहीत, देवाच्या योजनेत जमा होतात. काम अवघड नाही, फक्त निगुतीने करावं लागतं. बहुतेक जण घाई करतात आणि अंगाशी आणतात.

आधी दोष पारखून घ्या. किरकोळ दोष उपयोगाचा नाही. जो फोन उचलत नाही किंवा बाराव्याला यायचं विसरतो, त्याच्यासाठी देवाला उठवायचं कारण नाही, तिथे एक बरा पीए पुरतो. दोष असा पाहिजे की ऐकणाऱ्यानेच कपाळाला हात लावून म्हणावं, 'देवाशिवाय हा इथवर पोचलाच नसता.' चिखलात कमळ उगवतं हा दाखला मात्र टाळा. हल्ली तो दाखला राहिलेला नाही, निवडणूक चिन्ह झालाय.

वाल्याचा वाल्मीकी हा आपला हुकमी पत्ता, पण जपून टाका. गोष्टीतला वाल्या आधी घरी जाऊन विचारतो की माझ्या पापात वाटेकरी कोण. घरचे हात झटकतात. मग तो दरोडे सोडतो आणि अंगावर वारूळ चढेपर्यंत जपाला बसतो. यातलं शेवटचं नाव तेवढं घ्या. वारुळाला लागणारा वेळ उमेदवारी अर्जाच्या मुदतीत बसत नाही. घरच्यांना विचारण्याचा भाग तर गाळाच. (गोव्याच्या २०२२ च्या विधानसभेत ४० पैकी सहा खुर्च्यांवर तीन नवरा-बायको निवडून आले. वाटेकरी व्हायला आपल्याकडे घरच्यांची ना नसते. वाटा कशाचा, हे वाल्याने विचारायचं, आपण नाही.)

आता पोथी. कुठली उघडायची हे कुणीही सांगेल, कौशल्य आहे ते नेमकी कुठे मिटायची यात. मनुस्मृतीचा सातवा अध्याय घ्या. आठव्या श्लोकात राजा म्हणजे माणसाच्या रूपातली मोठी देवता असं स्वच्छ लिहिलंय, पोर असला तरी त्याचा अवमान करू नये. इथे पोथी बांधून ठेवा. तेहतीस श्लोक खाली गेलात तर एकेचाळिसाव्यात उर्मटपणाने नाश पावलेल्या राजांची यादी लागते, आणि तिच्यात पहिलंच नाव वेनाचं. वेन कोण, असं कुणी विचारलं तर चहा मागवा. भागवताच्या चौथ्या स्कंधात तो यज्ञ-दान बंद करतो आणि समजवायला आलेल्या ऋषींना सुनावतो की ब्रह्मा, विष्णू, शिव, इंद्र सगळे राजाच्याच देहात असतात, तेव्हा पूजा माझी करा. म्हणजे आपण जो दावा मांडायला बसलोय, तो या गृहस्थाने आधीच शब्दशः मांडून ठेवलाय. ऋषींनी त्यावर समिती नेमली नाही. नुसत्या हुंकाराने त्याला संपवलं, आणि मग त्याच्या मृत देहाचे बाहू घुसळून पृथू नावाचा बरा राजा काढला. हा शेवटचा भाग तर प्रचारात कुठेच बसत नाही.

दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत, ख्रिस्ती मतदारांपुढे बोलायचं असेल तर बायबल लागेल. तिथला जगभर चालणारा दाखला म्हणजे कोरेश, इराणचा राजा. परका, परधर्मी, आणि तरी यशयाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात परमेश्वर त्याला आपला अभिषिक्त म्हणतो. चौथ्या ओवीत तर, तू मला ओळखत नसताही, असं स्पष्टच आहे. दोषी नेत्याच्या वकिलाला याहून काय हवं? ज्याला देव माहीतही नाही, त्यालाही देवाचं तिकीट! पण दोन अडचणी आहेत, त्या आधीच माहीत असलेल्या बऱ्या.

पहिली अडचण मातीची आहे. १८७९ साली बाबिलोनच्या उत्खननात एक भाजलेला नळकांडीसारखा लेख सापडला, तो आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात लिहिलंय की मार्दुक या बाबिलोनच्या देवाने सगळे देश धुंडाळून न्यायी राजा शोधला, त्याचा हात धरला आणि नाव पुकारलं: कोरेश. थोडक्यात, इसवी सनपूर्व ५३९ मध्ये बाबिलोन घेणाऱ्या एकाच माणसाला दोन धर्मांच्या पुजाऱ्यांनी एकाच वेळी आपापल्या देवाचं तिकीट देऊन टाकलं. कोरेशाने बहुधा दोन्ही ठिकाणी मान लववली असावी. गोव्यातल्या मतदाराला यात नवल वाटणार नाही.

दुसरी अडचण हिशेबाची. बायबलातल्या एज्राच्या पहिल्याच अध्यायात नोंद आहे की बाबिलोनच्या आधीच्या राजाने, नबुखद्नेस्सराने, यरुशलेमच्या मंदिरातून लुटून आणलेली सोन्या-रुप्याची भांडी कोरेशाने परत केली. खजिनदाराकरवी मोजून दिली, एकूण ५,४०० नग. तुमच्या नेत्याला कोरेश ठरवलात की एखादं आगाऊ पोर उठून विचारणारच: यांनी काय परत केलं? सभेत प्रश्नोत्तरं ठेवू नका.

नबुखद्नेस्सराच्या वाटेला जाऊ नका. यिर्मयाच्या पंचविसाव्या अध्यायात देव त्याला 'माझा सेवक' म्हणतो खरा, पण तो सेवक येतो देश उजाड करायला. आणि तीनच ओव्यांनंतर लिहिलंय की सत्तर वर्षं भरली की त्याच बाबिलोनच्या राजाचा समाचार घेतला जाईल. अश्शूरच्या राजाचंही तेच. यशयाच्या दहाव्या अध्यायात तो देवाच्या क्रोधाचा दंडा आहे, आणि पुढे दंड्याला माज चढला म्हणून त्यालाच शिक्षा. देव वाकड्या माणसाला कामाला लावतो हे या पानांवर मान्यच आहे. गोची एवढीच, की त्या कामाचं नाव शिक्षा आहे आणि ती भोगणारे आपण आहोत. 'देवाने आम्हाला हा आमदार दिला' हे वाक्य त्यामुळे कुठल्या सुरात म्हणायचं, याची घरी तालीम करून या.

पोथीने भागत नसेल तर कौल. पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे: पुजारी ओल्या पाकळ्या किंवा कळ्या मूर्तीला चिकटवतो, गाऱ्हाणं घातलं जातं, उजवीकडची पडली तर होय, डावीकडची तर नाही. देवाकडे तिसरा रकाना नसल्यामुळे सगळी करामत प्रश्नात करावी लागते. 'दिलेला शब्द मोडू का?' असं कुणी विचारतं का? 'मतदारसंघाच्या कल्याणासाठी सत्तेबरोबर जाणं मान्य असेल तर उजवा प्रसाद दे' असं विचारावं. आता डावी पाकळी पडली तर देवच कल्याणाच्या आड आल्यासारखा दिसतो, आणि ही जोखीम कुठलं ग्रामदैवत घेईल? तरीही पडलीच, तर पाणी जास्त झालं होतं, पंखा चालू होता, घराण्यात कुणाचं तरी सुतक निघालं. कुठे विचारता यालाही महत्त्व आहे. म्हार्दोळच्या म्हाळसेच्या देवळात जुनी घंटा आहे. साक्ष द्यायची वेळ आली तरच तिला लोळी, म्हणजे आतला लोलक, लावत आणि तिच्याखाली खोटं बोलणारा तीन दिवसांत मरतो, अशी श्रद्धा आहे. एवढं कडक दैवत बहुमताला परवडत नाही.

आता मुख्य भाग, अंकगणित. इथे गोव्याने जगाला शिकवावं असं काम केलंय. २२ जानेवारी २०२२ रोजी काँग्रेसच्या उमेदवारांना बसमध्ये घालून पणजीच्या महालक्ष्मीसमोर, बांबोळीच्या खुरसासमोर (क्रूसासमोर) आणि बेतीच्या हमजा शाह दर्ग्यात नेलं, आणि निवडून आलो तर पाच वर्षं पक्ष सोडणार नाही अशी शपथ तिन्हीकडे घेतली गेली. ११ जण निवडून आले. १४ सप्टेंबरला त्यांतले ८ भाजपमध्ये गेले. शपथेचं काय, असं विचारल्यावर माजी मुख्यमंत्री दिगंबर कामत यांनी सांगितलं की आपण पुन्हा देवळात जाऊन देवाला विचारलं, आणि तुला योग्य वाटेल ते कर असं देव म्हणाला. ही पद्धत नीट अभ्यासा. कौलाला पुजारी असतो, देवळाचे महाजन असतात, पाकळी चारचौघांत पडते. थेट संवादाला साक्षीदारच नाही. फक्त खुरसाने आणि दर्ग्याने काय सांगितलं ते कळलं नाही, एवढी फट पुढच्या वेळी बुजवून घ्यावी.

पण खरी दैवी खूण आकड्यात आहे. ११ पैकी ८. सात का नाही? कारण ११ चे दोन तृतीयांश म्हणजे ७.३३, आणि घटनेच्या पक्षांतरबंदीवरच्या दहाव्या परिशिष्टाच्या चौथ्या परिच्छेदाप्रमाणे दोन तृतीयांश आमदार राजी असतील तरच विलीनीकरण धरतात. सातांच्या कानात देव बोलला असता तर सातही अपात्रतेच्या दारात उभे राहिले असते. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसचेच १५ पैकी १० गेले, बरोबर दोन तृतीयांश. त्याच वर्षी मार्चमध्ये, मध्यरात्र उलटून गेल्यावर, मगोच्या (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या) ३ पैकी २ गेले. पुन्हा बरोबर दोन तृतीयांश. १९८५ साली पक्षांतरबंदी आली तेव्हा फुटीला एक तृतीयांश पुरत होते. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने ती सवलत काढली, आणि तेव्हापासून अंतरात्म्याचा आवाज दुप्पट माणसांना ऐकू येऊ लागला. तेव्हा आमदाराला आतून हाक आली असं सांगण्याआधी त्याच्या पक्षाचे एकूण किती, ते मोजा. तो एकटाच असेल तर काम सोपं आहे, एकाचे दोन तृतीयांश एकच. पाच असतील तर चार हवेत. तीन जणांना झालेला साक्षात्कार सभापतींपुढे टिकेल याची खात्री नाही.

जागांचाही विचार करा. त्याच दुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांवर आणली. ४० चे होतात ६, पण छोट्या राज्यांना किमान १२ ची मुभा आहे, मुख्यमंत्री धरून. म्हणजे देवाने निवडलेले कितीही झाले तरी खुर्च्या बाराच. बाकीच्यांना देव धीर धरायला सांगतो. कामतांना मंत्रिपद ऑगस्ट २०२५ मध्ये मिळालं. भक्ताची एवढी परीक्षा विठोबानेही क्वचितच घेतली असेल.

कायद्याचं थोडक्यात. 'याला मत दिलं नाही तर देवी कोपेल' असं ध्वनिक्षेपकावर बोलू नका. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमात मतदाराला दैवी कोपाची भीती घालणं हा भ्रष्ट आचार आहे, निवडणूक रद्द होते आणि सहा वर्षांपर्यंत अपात्रता येऊ शकते. उमेदवारावर खटले असतील तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या आदेशामुळे पक्षाला ४८ तासांत सी-७ नमुन्यात जाहीर करावं लागतं की दुसरं कुणी स्वच्छ का मिळालं नाही. निवडून यायची शक्यता एवढंच कारण चालत नाही, पात्रता आणि कामगिरी दाखवावी लागते. इथे 'ईश्वरी इच्छा' लिहायचा मोह होईल. आवरा. उद्या देवालाच कारणं दाखवा नोटीस निघायची. शपथविधीला मात्र ईश्वरसाक्ष म्हणायला मोकळीक आहे. गांभीर्यपूर्वक दृढकथनाचा पर्यायही आहे, पण तो आपल्या नेत्याला उच्चारायला जड जातो.

विरोधी उमेदवार जिंकला तर? तर देव परीक्षा बघतोय. देवाची निवड आपल्याच माणसापुरती असते, पलीकडच्याला फक्त मतं मिळतात. निवडलेला टिकला नाही तरी खचू नका. मार्च-एप्रिल १९९० मध्ये आपल्याकडे एक मुख्यमंत्री १८ दिवस होते, एप्रिल १९९४ मध्ये एक सहा दिवस. इतक्या छोट्या कामासाठीही देवाला माणूस लागतो, असा अर्थ काढता येतो.

एक धोका तेवढा उरतो. 'दावीद राजाही चुकला होता' हे वाक्य तुमच्याकडून कधी ना कधी जाणारच, ते सगळ्यांच्याच तोंडी असतं. दाविदाने दुसऱ्याची बायको घेतली, नवऱ्याला लढाईत पुढे घालून मारवलं, आणि तरी तो देवाचा लाडका. पण त्या गोष्टीत नाथान नावाचा एक संदेष्टा आहे. तो राजवाड्यात जातो, श्रीमंताने गरिबाची एकुलती मेंढी कशी हिसकावली ते सांगतो, राजा भडकून त्या श्रीमंताला देहान्ताच्या लायकीचा ठरवतो, आणि नाथान म्हणतो, तो माणूस तूच. दावीद त्याला तुरुंगात टाकत नाही, मी पाप केलं म्हणतो. तुमच्या नेत्याकडे पीए आहे, फोटोग्राफर आहे, चवथीला गणपतीवरच्या माटोळीचं सामान वाटणारी पोरं आहेत. नाथान आहे का, बघून घ्या. आढळलाच तर त्याला एखाद्या महामंडळाचं अध्यक्षपद देऊन टाका. गाडी, चालक आणि केबिन मिळाली की तो मेंढीची गोष्ट आधी नेत्याला वाचायला देतो, आणि श्रीमंताचं नाव बदलायचं असेल तर कळवा म्हणतो.