शंका भुतावर घ्यावी, पोरीवर नाही

राम राम भाऊ,

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. रागानं लिहिली असली तरी मनापासून लिहिली आहे, म्हणून दोन ओळींत आभार मानून मोकळा होत नाही.

इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगतो. झपाटण्याच्या सिनेमांवर मी लिहिलं होतं की त्यात शंका घेणारा डॉक्टर किंवा इन्स्पेक्टर फक्त हरण्यासाठी उभा केलेला असतो, आणि त्याची किंमत आपल्या खान्देशातल्या पोरीबाळी मोजतात. त्यावर अमळनेर तालुक्यातल्या या भाऊंनी लिहिलं की सिनेमा ही करमणूक आहे, तो बघून कुणी भगताकडे जात नाही, आणि मी लोकांच्या श्रद्धेवर घाव घालतो. मग त्यांनी मामेबहिणीची हकीकत सांगितली. लग्नानंतर वर्षभरात तिला झटके येऊ लागले. आवाज बदलायचा, सासरच्यांना शिव्या द्यायची, नंतर काही आठवायचं नाही. शहरातल्या डॉक्टरांनी मेंदूचा स्कॅन केला आणि सांगितलं, "काही नाही, नाटकं करतेय." शेवटी एका भगतानं उतारा केला, चार महिने माहेरी ठेवायला सांगितलं आणि ती बरी झाली. "मग शंका घेणाराच खोटा ठरला ना?" असा तुमचा सवाल आहे.

इथूनच सुरुवात करतो, कारण बाकीचं सगळं यात आलं आहे.

तो डॉक्टर चुकला, हे मी स्पष्ट म्हणतो. पण कुठे चुकला? त्यानं भूत मानलं नाही, ही त्याची चूक नव्हे. त्यानं तुमच्या बहिणीचं दुखणं मानलं नाही, ही चूक. स्कॅनमध्ये गाठ दिसते, रक्तस्राव दिसतो, जुना व्रण दिसतो. मनावर असह्य ताण आला की माणसाचं भान तुटतं, आपल्या तोंडून दुसरंच कुणी बोलतंय असं त्याला खरोखर वाटतं. ते स्कॅनमध्ये दिसत नाही. या आजाराला जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत स्वतंत्र जागा आहे. त्यात रुग्ण ढोंग करत नसतो, झटका त्याच्या हातात नसतो. डॉक्टर 'नाटक' म्हणाला आणि घरच्यांनी त्याचा अर्थ लावला, की दवाखान्यात याला औषध नाही. मग आपल्याकडे पुढचं वाक्य ठरलेलंच आहे, "तिले बाहेरनं शे", म्हणजे तिला बाहेरची बाधा आहे.

भगताकडे ती बरी कशी झाली? अशा आजारात झटके येतात आणि पुष्कळदा आपोआप ओसरतात. चार माणसं भोवती बसून आपलं ऐकतात, आता आपण बरे होणार असं सगळे मानतात, याचाही परिणाम होतो. पण तुमच्या हकीकतीतली मला सगळ्यांत मोलाची वाटलेली गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात. चार महिने माहेरी. भाऊ, त्या पोरीला सासरी काय होत होतं, हे डॉक्टरनं विचारलं नाही, भगतानंही विचारलं नाही. पण भगतानं तिला तिथून बाहेर काढलं. उताऱ्याच्या लिंबापेक्षा मला त्या चार महिन्यांत औषध दिसतं.

आता सिनेमाकडे येतो. 1973 साली आलेला विल्यम फ्रीडकिनचा 'द एक्झॉर्सिस्ट' या सगळ्या सिनेमांचा मूळपुरुष. त्यात बारा वर्षांच्या रेगनच्या मानेतल्या रक्तवाहिनीत सुई घालून तपासणी करतात, तो प्रसंग भुताच्या कुठल्याही प्रसंगापेक्षा अंगावर येतो. रिपोर्ट नॉर्मल येतात, आणि तिथून सिनेमा उडी मारतो: यंत्राला सापडलं नाही, म्हणजे सैतान. तुमच्या मामेबहिणीच्या घरी नेमकी हीच उडी मारली गेली. मधल्या सगळ्या पायऱ्या, म्हणजे पोरीशी एकटीशी बोलणं, मानसोपचार, पुन्हा तपासणी, गाळल्या गेल्या. भयपटाला या पायऱ्या नको असतात, कारण त्या संथ असतात. घराला मात्र त्याच लागतात.

याच सिनेमात फादर कॅरस आहे, पाद्रीही आणि मनोविकारतज्ज्ञही. त्याच्यावर माझं फार प्रेम आहे. तो रेगनवर नळाचं साधं पाणी शिंपडतो आणि पवित्र पाणी आहे असं सांगतो. ती वेदनेनं तळमळते, आणि त्याची शंका वाढते. तिचं अगम्य बोलणं तो टेपवर घेतो, उलटं वाजवून पाहतो, तर ते इंग्रजीच निघतं. शंका घ्यायची ती अशी. तो खोलीतून निघून जात नाही, पोरीला खोटारडी म्हणत नाही, जे दिसतं ते तपासत राहतो. पुढे सिनेमा सैतान खरा ठरवतो, तो कथेचा हक्क आहे. पण प्रेक्षकांच्या लक्षात कॅरसची तपासणी राहत नाही, त्याचा पराभव राहतो.

हिंदीत हाच साचा आला. राम गोपाल वर्मांच्या 2003 च्या 'भूत'मध्ये व्हिक्टर बॅनर्जींचा डॉक्टर आणि नाना पाटेकरांचा इन्स्पेक्टर आपापल्या परीनं शहाणपण लावतात, पण सुटका होते ती रेखाच्या मांत्रिक बाईकडून. याला अपवाद 2007 चा 'भूल भुलैया', मूळचा 1993 चा मल्याळी 'मणिचित्रताळ'. तिथे नायक मानसोपचारतज्ज्ञ आहे, विक्रम गोखल्यांचे आचार्य त्याला साथ देतात, आणि अवनीवर कुणी नाटकाचा आरोप करून हात झटकत नाही. तिचा आजार खरा, मंजुलिका खोटी. गावोगावी लोकांनी तो सिनेमा डोक्यावर घेतला. आणि 2022 च्या दुसऱ्या भागात काय झालं? भूत खरंच निघालं. एवढी कष्टानं मिळवलेली जागा सोडून दिली, याचं मला मनापासून दुःख आहे.

'करमणूक आहे' म्हणता, म्हणून एक खरी गोष्ट सांगतो. जर्मनीत अ‍ॅनेलिझे मिशेल नावाची मुलगी होती. तिला फेफऱ्याचा आजार असल्याचं निदान होतं, वर्षानुवर्षं औषधं चालू होती. 1975 मध्ये बिशपांनी परवानगी दिली आणि सुमारे दहा महिन्यांत तिच्यावर सैतान उतरवण्याचे 67 विधी झाले. 1 जुलै 1976 ला ती गेली, वय 23, अंगात हाडांशिवाय काही उरलं नव्हतं. 1978 मध्ये आईवडील आणि दोन पाद्री निष्काळजीपणानं मृत्यूला कारणीभूत झाल्याबद्दल दोषी ठरले. सिनेमात अधिकारी माणूस 'नाही' म्हणतो आणि म्हणून घात होतो. इथे त्यानं 'हो' म्हटल्यामुळे घात झाला. 2005 मध्ये यावर 'द एक्झॉर्सिझम ऑफ एमिली रोझ' निघाला, गोष्ट अमेरिकेत नेली, आणि त्यात बचावाची वकील युक्तिवाद करते की औषधामुळेच विधी फसला! हे ऐकून एखाद्या बापानं लेकीच्या फिटच्या गोळ्या बंद केल्या तर? ही भीती मला खरी वाटते.

आणखी एक. 2007 मध्ये डॉ. जोसेप दालमाऊ आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या एका आजाराचं वर्णन केलं. शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटते. बहुतेक रुग्ण तरुण मुली. भ्रम, किंचाळणं, तोंडाच्या विचित्र हालचाली, झटके, आणि अनेकींच्या मेंदूचा स्कॅन सुरुवातीला नॉर्मल. काहींच्या बीजांडकोशात गाठ सापडते. वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक जणी सावरतात, उताऱ्यात वेळ गेला तर जीव जाऊ शकतो. तुमच्या बहिणीला हे नव्हतं असं हकीकतीवरून वाटतं, पण पुढच्या पोरीला असू शकतं.

पोलिसांचं म्हणाल, तर आपल्याकडे त्यांची शंका जास्त आहे असं मला कधीच वाटलं नाही, ती कमी पडते. सातपुड्यात अक्राणी-अक्कलकुव्याकडे भगत एखाद्या बाईकडे बोट दाखवतो, ती डाकीण ठरते, मार खाते, गाव सोडते. अशा वेळी 'गावातलं गावात मिटवा' म्हणणारा अधिकारी नको असतो. डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीनं बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, चटके देणं, हे सगळं त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. दक्षता अधिकारी म्हणून पोलीस निरीक्षकावर जबाबदारी टाकली आहे. शंका घेणं हे तिथे त्याचं कर्तव्यच आहे.

श्रद्धेबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते मला लागलं. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याही घरी कानबाई बसते, रोट होतात, विसर्जनाच्या मिरवणुकीत बायकांच्या अंगात येतं. मी कधी त्यांना आजारी म्हटलं नाही, म्हणणारही नाही. जागतिक यादीतही हा फरक केला आहे: समाजानं मान्य केलेल्या धार्मिक आचारात येणारं वारं हा आजार नाही. नको असताना येतं, छळतं, जगणं अडवतं, तेव्हा तो आजार. आपल्या कायद्यानंही पूजा, यात्रा, भजन-कीर्तनाला हात लावलेला नाही. कानबाईसमोर मी हात जोडतो, आणि मिरचीची धुरी देणाऱ्याच्या विरोधात तक्रारही देईन. या दोन्हींत मला काही विरोध दिसत नाही.

शेवटी तुम्ही विचारलंत, "तुमच्या घरात झालं असतं तर काय केलं असतं?" आधी पोरीला एकटीला घेऊन बसलो असतो, सासू, नवरा, आई कुणी जवळ नको, आणि विचारलं असतं की तिथे काय होतं. मग धुळे, जळगाव किंवा नंदुरबार, जे जवळ असेल तिथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभागात नेलं असतं. एका डॉक्टरनं 'नाटक' म्हटलं तर दुसऱ्याकडे. रात्री-अपरात्री काही सुचलं नाही तर टेली-मानसचा 14416 हा फुकटचा नंबर आहे, मराठीतून बोलतात. घरच्यांना देवीला नारळ फोडायचा असेल तर फोडू दिला असता. गोळ्या मात्र एक दिवसही चुकू दिल्या नसत्या.

तुमची बहीण आता परत सासरी गेली आहे, असं तुम्ही लिहिलंय. तिला एकदा भेटून या भाऊ, आणि तिचं काय म्हणणं आहे ते ऐका. झटके पुन्हा सुरू झाले असतील तर मला कळवा. तुमच्यासोबत दवाखान्यात यायची माझी तयारी आहे.