हे कोणी केलं?

बागेत छोटंसं तळं करणं अजिबात अवघड नाही. खड्डा खणायचा, जाड प्लास्टिक अंथरायचं, काठाला दगड रचायचे, पाणी सोडायचं, झालं. पंप बसवणं तर त्याहून सोपं, तो पाण्यात राहायलाच जन्माला आलेला असतो, सोडला की बसतो गुपचूप तळाशी. सगळा घोळ आहे तो वायरीचा. पंपाबरोबर आलेली वायर बरोब्बर तिथे संपते जिथे ती संपून काही उपयोग नसतो, म्हणजे तळ्याच्या काठापासून दोन पावलांवर, गवतात, मोकळ्या आभाळाखाली. आणि तिच्या टोकाला कंपनीने थ्री-पिन टॉप लावून दिलेला. जसं काही सगळ्यांच्या गवतात सॉकेट उगवतं.

आमचं सॉकेट व्हरांड्यात. मध्ये साधारण आठ मीटर. म्हणजे वायर वाढवायची, म्हणजे कुठेतरी जॉइंट मारायचा, आणि ज्या दिवशी तुम्ही उघड्यावर जॉइंट मारता त्या दिवसापासून तुमचं आणि पावसाचं नातंच बदलतं. आधी मी पाऊस बघायचो. आता ऐकतो. अंथरुणात पडून, डोळे सताड उघडे, बोर्डातून 'टक्' कधी येतंय त्याची वाट बघत.

पहिला जॉइंट मी स्वतः मारला, कारण दोन वायरी जोडायला वायरमन बोलवायचा म्हणजे मला कमीपणा वाटला. टॉप कापला, तिन्ही वायरी सोलल्या, पिळा मारला, काळी टेप गुंडाळली. टेपच्या बाबतीत मी हात आखडता घेतला नाही. अख्खं रीळ संपवलं. शेवटी जॉइंट मुठीएवढा झाला, तो मी हिला कौतुकाने दाखवायला गेलो तर ही म्हणाली, "कोणाचा हात मोडलाय?"

मग आई बाहेर आली, तिने चष्मा वर-खाली करून बघितलं आणि म्हणाली, "वरून एक पिशवी बांध रे." विजेचा जगातला कुठलाही प्रश्न असो, आईचं उत्तर पिशवी हेच असतं. बांधली. दुहेरी. तोंडाला रबर बँड. मग बटण दाबलं, कारंजं उडालं, आम्ही तिघं टाळ्या वाजवायचे तेवढे बाकी राहिलो.

पहिला मोठा पाऊस आला त्या रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी टक् झालं आणि पंखा हळूहळू थांबला.

"लाइट गेली का रे?"

"सगळ्यांचीच गेली असेल. झोप."

"समोरच्यांची आहे."

समोरच्यांची असणं हा फार वाईट पुरावा असतो. उठलो, मोबाइलच्या उजेडात बोर्ड उघडला तर एमसीबी सगळे ताठ उभे आणि ईएलसीबीने मान टाकलेली. (त्याचं आताचं खरं नाव आरसीसीबी, पण सगळे ईएलसीबीच म्हणतात तर मी एकटा कुठे सुधारू.) वर करतोय, पडतोय. वर करतोय, पडतोय.

तेव्हा मला या दोघांतला फरक पहिल्यांदा कळला. एमसीबी म्हणजे पैलवान, वायर तापेल एवढा करंट गेला किंवा शॉर्ट झालं तरच तो हलणार. माझा पंप 25 वॅटचा, म्हणजे 230 व्होल्टवर जेमतेम 0.11 अँपिअर, 16 अँपिअरच्या एमसीबीला हा पंप आहे का नाही हेसुद्धा कळत नसेल. ईएलसीबी मात्र जुन्या कारकुनासारखा. फेजमधून गेलं किती, न्यूट्रलने परत आलं किती, एवढंच बघतो. 30 मिलीअँपिअरचा फरक दिसला की दप्तर बंद, कारण तो फरक कुठेतरी बाहेर पाझरतोय, चिखलात, नाहीतर कुणाच्या तरी अंगातून. आणि हे सगळं क्षणार्धात. आमचा हा कारकून अख्ख्या घराला मिळून एकच असल्यामुळे बागेतल्या जॉइंटला शिंक आली की फ्रिज, पंखे, वायफाय सगळंच गार.

सकाळी पिशवी बघायला गेलो. मासे विकत आणल्यावर देतात ना तशी टम्म फुगलेली, आत निम्मं पाणी, त्यात माझा जॉइंट. नुसता मासा घालायचा राहिला होता. पिशवीत पाणी शिरलं रबर बँडच्या सुरकुत्यांतून आणि एकदा शिरल्यावर बाहेर कुठून जाणार, पिशवीच ती, आत आलेलं आतच ठेवणं हाच तिचा धर्म. टेपचं तर उन्हाने लोणी झालेलं. काळा चिकट लगदा, जो बोटांना, शर्टाला, दाराच्या कडीला सगळीकडे चिकटला, फक्त जॉइंटला सोडून.

नंतर मी सिलिकॉन आणलं. बाथरूमच्या फटीत भरतात ते. जॉइंटवर भरभरून थापलं, घरभर व्हिनेगरसारखा वास, आई म्हणे काहीतरी सडलंय. ते सडत नव्हतं पण सडवत होतं. हा वास येणारं जे सिलिकॉन असतं ते वाळताना अॅसिटिक अॅसिड सोडतं आणि ते तांब्याला खातं, विजेच्या कामाला बिनवासाचं, न्यूट्रल क्युअरवालं घ्यायचं असतं. हे मला कधी कळलं, तर तांब्याच्या तारा पोपटी झाल्यावर.

मग म्हटलं बास झाली ही लहान मुलांची कामं, आता शास्त्रशुद्ध. आणि मी आयपी नंबरच्या नादी लागलो. आयपी 65, आयपी 67, जंक्शन बॉक्सच्या झाकणावर लिहिलेलं असतं. पहिला आकडा धुळीचा, सहाच्या वर नाही. दुसरा पाण्याचा. चार म्हणजे चहूकडून शिंतोडे उडाले तरी चालेल, पाच म्हणजे पाइपची धार मारली तरी, सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवलं तरी. गंमत म्हणजे सातवाला पाचची परीक्षा पास असेलच असं नाही, बुडवलेलं सोसेल पण धार मारलेली सोसेलच याची हमी नाही. हे वाचल्यावर मला काही नातेवाईक आठवले.

मी 65वाला डबा आणला. राखाडी, जाड, झाकणाला रबरी गॅस्केट, चार कोपऱ्यांत चार स्क्रू. बघूनच विश्वास बसावा असा. आता वायर आत न्यायची तर भोक पाहिजे, म्हणून मी स्क्रू ड्रायव्हर गॅसवर लालभडक केला आणि डब्याच्या डोक्यावर दोन भोकं पाडली. डोक्यावर का, तर तिथे हात नीट पोचत होता. कारखान्याने मेहनतीने मिळवलेले 65 मार्क मी अशा प्रकारे दोन मिनिटांत शून्यावर आणले आणि मग ते शून्य झाकायला वर परत सिलिकॉन (बिनवासाचं!) थापलं. भोकं, गॅस्केटची कड, स्क्रूची डोकी, एक फट ठेवली नाही. मुंगी जाईल तर शप्पथ. आतमध्ये वायरी कनेक्टर पट्टीत कसल्या, झाकण लावलं, आणि पाऊस येऊन गेला, परत आला, रात्रभर कोसळला तरी टक् झालं नाही. मी ऑफिसमध्ये दोघांना सल्लेसुद्धा दिले.

मग एकदा पाऊस थांबून चांगला आठवडा झालेला, आभाळ स्वच्छ, पहाटेची थंडी, पानांवर दव, आणि साडेपाचला टक्.

पाऊस नाही, काही नाही, मग पाणी आलं कुठून? झाकण उघडायला अर्धा तास गेला कारण सिलिकॉन माझंच, कापता कापेना. उघडलं आणि आत तळं. खरंच सांगतो, तळाशी बोटाच्या पेराएवढं पाणी, नितळ, बागेतल्यापेक्षा स्वच्छ, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब असे ओळीने लटकलेले, एक मोठा झाला की शेजारच्याला घेऊन टपकन खाली, थेट कनेक्टर पट्टीवर. मी मांडी घालून ते बघत बसलो. तेवढ्यात ही मागून आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "याला पण पंप लागेल आता."

इथे मी शरण गेलो.

वायरमन म्हणून जो आला तो पंचविशीचा पोरगा, आल्या आल्या मला काका म्हणाला, तिथेच निम्मा अपमान झाला. उरलेला डबा उघडल्यावर. जगातला प्रत्येक वायरमन आधीचं काम बघून पहिला प्रश्न तोच विचारतो आणि यानेही विचारला.

"काका, हे कोणी केलं?"

"आधीच्या वायरमनने," मी म्हणालो. ही आत निघून गेली. हसायलाच गेली असणार.

"वायरमन होता का गवंडी?"

मी म्हटलं मिळेल तसा घ्यावा लागतो.

मग त्याने मला डब्याचा श्वास समजावला. म्हणजे डबा दिवसा उन्हात तापतो, आतली हवा फुगते, कुठून ना कुठून बाहेर पडते. संध्याकाळी गार झाला की आत ओढ बसते आणि बाहेरची दमट हवा शोषली जाते, रात्री तिचं पाणी होतं. कितीही सिलिकॉन थापा, हवा वायरीच्या आतूनसुद्धा येते, बाहेरचं कव्हर आणि आतल्या तारा यांच्यामधल्या बारीक पोकळीतून. वायरीचं टोक ओलं असेल तर पाणीही त्याच तारांमधून सरपटत चढतं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. आणि एकदा आत आलं की माझ्या कृपेने बाहेरचे सगळे रस्ते बंद. थोडक्यात मी पाण्यासाठी उंदराचा पिंजरा केला होता.

त्याने नवीन डबा घेतला आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याच्या बुडाला बारीक भोक पाडलं. मी ओरडलोच. "पाणी जायला," तो म्हणाला, "येणार तर आहेच, जाऊ दे की." वायरी खालून घेतल्या, ग्लँडमधून, आणि ग्लँड वायरीच्या जाडीचीच, फिरवली की रबर वायरीला गच्च आवळतं. डब्यात शिरायच्या आधी वायर खाली झोका देऊन वर आणली म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोक्याच्या पोटातून गळून जातं, डब्यापर्यंत येतच नाही. डबा गवतातून उचलून भिंतीवर गुडघ्याच्या वर, छपराच्या आडोशाला. आणि बागेच्या लाइनला वेगळा ईएलसीबी, म्हणजे पुढच्या वेळी फक्त कारंजं मरेल, फ्रिज नाही. टेप त्याने एक इंचसुद्धा वापरली नाही. मी विचारलं तर म्हणाला उघड्यावरच्या जॉइंटला टेप लागलीच तर ती रबराची, बिनगोंदाची, ताणून गुंडाळली की स्वतःलाच चिकटून एकजीव होते ती, काळी टेप ही पाण्यासाठी नसतेच.

जाता जाता त्याने व्हरांड्यातलं बटण बंद केलं आणि सहज म्हणून वायरीला टेस्टर लावला. टेस्टर पेटला. दोघंही गप्प. बटण बंद असून टेस्टर पेटतो म्हणजे बटण फेजऐवजी न्यूट्रल तोडत होतं, म्हणजे गेले तीन महिने मी 'बंद' करून ज्या तळ्यात कोपरापर्यंत हात घालून पंपाची जाळी साफ करत होतो ते तळं बंद नव्हतंच. "पाण्यात हात घालायचा तर टॉप उपटून हातात घ्यायचा काका, बटणावर जायचं नाही." आणि मग थोडं थांबून, "हे पण आधीच्यानेच?"

"हो ना. हलगर्जी माणूस."

शेवटी त्याने विचारलं, जेलवाले कनेक्टर टाकू का, आत जेल असतं, डब्यात पाणी गेलं तरी जॉइंट कोरडा. मी म्हटलं नको, एवढा डबा पॅक आहे, वरून पाणी यायला जागाच नाही, कशाला उगीच. हे वाक्य मीच बोललो हे मान्य आहे.

त्यानंतर पंधरा दिवसांनी जो पाऊस आला तो जुने हिशेब चुकते करायला आल्यासारखा आला. दहा वाजले, अकरा, बारा, टक् नाही. मला झोप येईना. टक् झालं असतं तर निदान कळलं असतं की झालं. हे न होणं भयंकर होतं. एक वाजता उठलो, टॉप उपटला (शिकलोय आता), छत्री, टॉर्च, स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि बाहेर गेलो. छपराच्या आडोशाला उभा राहून चार स्क्रू काढले, झाकण काढलं.

आत कोरडं. ठणठणीत. मागच्या वेळचा प्लास्टिकचा बारीक भुस्सासुद्धा जागच्या जागी. इतका आनंद मला तळं भरलं तेव्हा झाला नव्हता. नीट बघावं म्हणून वाकलो, छत्री मानेत धरलेली, ती माझ्याबरोबर वाकली, आणि तिच्या काठावर जमलेलं सगळं पाणी एका धारेत, नेम धरून, डब्यात.

बनियनने पुसलं. फुंकलं. झाकण लावलं. टॉप घातला, बटण दाबलं.

टक्.

सकाळी पोराला फोन केला. तो विचारतोय, "काका, पाणी आलं कुठून?"

"वरून."

"वरून कसं येईल? झाकण होतं ना?"

"उघडलं होतं."

"कोणी?"

ही समोरच बसली होती, हनुवटीला हात लावून, एकटक बघत.

"आधीचा वायरमन येऊन गेला मध्ये," मी म्हणालो.