स्क्रीनवर तुटलेली तार

मागावर उभी तार, म्हणजे उभा धागा, तुटला की कापडात वरपासून खालपर्यंत एक रेघ पडते. विणणाऱ्याच्या नजरेतून सुटली तरी माल तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही आणि तो टॉवेल सरळ 'सेकंड'मध्ये, म्हणजे कमी प्रतीच्या मालात, जातो. ऑनलाइन मागवलेल्या नव्याकोऱ्या मॉनिटरवर तशीच रेघ दिसली तेव्हा मला आधी वाटलं, डिझाइनमध्ये माझीच काहीतरी चूक झाली.

मी टॉवेल-चादरींची जकार्ड डिझाइनं, म्हणजे विणतानाच कापडात उमटणारी नक्षी, करतो. आप्पा ग्राफ पेपरवर शाईनं चौकोन भरायचे, मग त्यावरून मागाच्या पुठ्ठ्यांना भोकं पडायची. मी तेच काम स्क्रीनवर करतो. एक चौकोन म्हणजे एक उभा धागा उचलायचा की नाही, एवढाच सवाल. स्क्रीनवर फालतू रेघ असेल तर माझं काम तिथंच थांबतं.

मंगळवारी मॉनिटर आला. रिप्लेसमेंटची मुदत ७ दिवस. गुरुवारी दुपारी, पत्र्याखालची खोली चांगली तापलेली असताना आणि मॉनिटर पाऊण तास चालू असताना, उजवीकडे गुलाबी उभी रेघ उमटली. बंद करून थंड होऊ दिला तर गायब. परत तापला, परत रेघ. यात जादू काही नाही. काचेच्या कडेला बारीक लवचिक पट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्यांच्यातून एकेका उभ्या रांगेला सिग्नल जातो. तिथला जोड कच्चा असला की गरम झाल्यावर सुटतो, गार झाल्यावर टेकतो.

फोन लावला. पलीकडच्या मुलीनं वाचून दाखवावं तसं सांगितलं: केबल बदला, ड्रायव्हर अपडेट करा, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा. हे सगळं मी आधीच केलं होतं. तुमच्यावर अशी वेळ आली तर दोन मिनिटांत होणाऱ्या दोन परीक्षा सांगतो. रेघ दिसत असताना स्क्रीनशॉट काढा आणि तो मोबाइलवर उघडा. त्यात रेघ नसेल तर डिझाइन आणि सॉफ्टवेअर निर्दोष आहेत. मग केबल काढून मॉनिटरचा स्वतःचा मेनू उघडा किंवा 'नो सिग्नल'चा पडदा बघा. रेघ तिथंही असेल तर दोष मॉनिटरचाच, वाद संपला.

माझा वाद मात्र इथून सुरू झाला.

शनिवारी सकाळी १० वाजता तंत्रज्ञ आला. सकाळची वेळ, खोली गार, मॉनिटर गार. पाच मिनिटं बघितलं. "सर, व्यवस्थित आहे की." म्हटलं, पाऊण तास थांबा, चहा घ्या, दाखवतो. बिचारा म्हणाला, त्याला अजून चार ठिकाणी जायचंय, एक तर पार शहराच्या टोकाला, बाळे भागात. मोबाइलवर 'दोष आढळला नाही' असं दाबून निघून गेला. त्याच्यावर माझा राग नाही. त्याच्या ॲपमध्ये दोनच बटणं होती, 'तापल्यावर येतो' असं तिसरं बटण कुणी केलेलंच नव्हतं.

रविवारी मी मॉनिटर सकाळपासून चालू ठेवला. मागच्या बाजूचा सिरियल नंबर, भिंतीवरचं घड्याळ आणि रेघ, न तोडता एकाच व्हिडिओत घेतलं आणि पाठवलं. सोमवारी उत्तर आलं, तंत्रज्ञ उद्या येईल. मंगळवारी कुणी आलं नाही. बुधवारी सांगितलं, "रिप्लेसमेंटची मुदत संपली आहे, कृपया कंपनीच्या सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा."

म्हणजे तक्रार तिसऱ्या दिवशी केलेली, दिवस यांनी घालवले आणि मुदत संपली माझी! चार-पाच दिवसांनी येणाऱ्या नळाच्या पाण्याची वाट बघण्यात आयुष्य गेलेला सोलापूरकर आहे मी, वाट बघणं मला कुणी शिकवू नये. पण नळाला पाणी आलं नाही तर पाळी तुमची चुकली असं निदान कुणी म्हणत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. दोष कळवल्याची तारीख हीच तारीख. त्यानंतर तपासायला लागलेला वेळ विक्रेत्याच्या खात्यावर पडला पाहिजे. आणि 'पॉलिसी' म्हणजे कायदा नव्हे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, आणि त्याखाली जुलै २०२० मध्ये ई-कॉमर्सचे नियम आलेत. सदोष माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, हे त्या नियमांत स्पष्ट आहे. प्रत्येक साइटला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. त्याचं नाव साइटच्या तळाशी, बारीक अक्षरांच्या जंगलात असतं. शोधा, सापडतं.

त्या अधिकाऱ्याला मी मेल केला, मराठीतच. पहिल्या तक्रारीचा नंबर आणि तारीख, व्हिडिओ, आणि शेवटी एक वाक्य: तक्रार मुदतीत केली आहे, मला दुरुस्ती नको, बदली हवी. दुसऱ्या दिवशी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद केली. तिथं खटला चालत नाही, पण तक्रार कंपनीच्या दारात अधिकृतपणे जाऊन बसते. त्याच्याही पुढं जायचं ठरवलं असतं तर पुण्या-मुंबईला पळायची गरज नव्हती. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फीसुद्धा नाही. माझा मॉनिटर अकरा हजारांचा.

शुक्रवारी पोच आली, पुढच्या मंगळवारी बदली मॉनिटर. कोणत्या दाबानं आला देव जाणे, बहुधा दोन्हींच्या.

एक गंमत राहिलीच. जुना मॉनिटर न्यायला आलेल्या पोरानं मूळ खोकं मागितलं. आईनं त्यात कुरडया भरून ठेवल्या होत्या! त्याला पंधरा मिनिटं दारात उभा करून आम्ही कुरडया घमेल्यात ओतल्या. आई म्हणाली, "नेऊ दे की तसंच, त्या कंपनीवाल्यांनाही कळू दे." पोरगा हसला, दोन कुरडया खिशात घालून गेला.

मित्र म्हणतो, "काय करूलालास बे, नव्या पेठेतून घ्यायचा होतास." दुकानात हजार-दीड हजार जास्त होते, हे एक. दुसरं, दुकानदारानं लावून दाखवला असता, पण पाऊण तास तापवून थोडाच दाखवला असता? आणि नंतर त्यानंही सर्व्हिस सेंटरचाच पत्ता दिला असता. फरक एवढाच की त्याच्या काउंटरसमोर मॉनिटर चालू करून मला बसता आलं असतं. ऑनलाइनवाल्याला काउंटरच नाही, म्हणून लेखी लिहून त्याच्या दारात बसायचं.

आता नवा मॉनिटर. रेघ नाही. खाली उजव्या कोपऱ्यात एक हिरवं टिंब आहे, कायम पेटलेलं. फुल एचडी स्क्रीनवर २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल, प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन तुकडे. त्यातला एक अडकलाय. याची तक्रार करावी म्हणून कंपनीचं पान वाचलं तर तिथं ठरावीक संख्येपर्यंतचे पिक्सेल 'दोष' धरलेच जात नाहीत. हे कंपनीनं हवेतून आणलेलं नाही. २००१ च्या आयएसओ १३४०६-२ या आंतरराष्ट्रीय मानकातच पडद्यांचे वर्ग पाडलेत. दुसऱ्या वर्गात दर १० लाख पिक्सेलमागं २ कायम पेटलेले, २ कायम विझलेले आणि ५ अर्धवट, म्हणजे एखादाच तुकडा अडकलेले, चालायचे. २००८ मध्ये नवं मानक आलं, वर्ग राहिलेच. आमचा व्यापारी गाठीत एक टॉवेल खराब निघाला तरी बट्टा कापतो. त्याला हे पान दाखवायला हवं.

टिंब घड्याळाच्या आकड्यांशेजारी येतं, म्हणून ठेवून घेतलाय. फक्त ग्राफ पूर्ण स्क्रीनवर उघडला की ते चुकून भरलेल्या चौकोनासारखं दिसतं. काल रात्री मी ते दोनदा खोडायला गेलो.