अंथरुणावरच्या लेकराइतकीच मायची झोप मोजा

घरात अंथरुणाला खिळलेलं लेकरू असलं की पाहुणे त्याची विचारपूस करतात, मायला ‘धन्य आहेस बाई’ म्हणतात आणि चहा घेऊन निघतात. ती रात्री किती वेळा उठते, हे कुणी विचारत नाही. माझं म्हणणं स्पष्ट आहे : सांभाळणारीची झोप आणि कंबर आधी वाचवा. ती पडली तर लेकराला कूस बदलून द्यायला कुणी उरत नाही.

ज्याला स्वतः वळता येत नाही त्याला साधारण दर दोन तासांनी वळवावं लागतं, नाहीतर माकडहाड, खुबे आणि टाचांवर जखमा होतात. म्हणजे रात्रीतून तीन-चारदा उठणं. त्यात आपल्याकडे बाज. दोरी सैल झाली की झोळ पडतो, अंग खोलात जातं, वळवायला जास्त जोर लागतो. लाकडी पलंग घ्या. व्हीलचेअरवर बसवायचं असेल तर गादीसकट उंची खुर्चीच्या बैठकीएवढी, १८-२० इंच ठेवा. उंची वाढवायला विटा नकोत, त्या सरकतात. सुताराकडून खोबणीचे ठोकळे करून घ्या. वळवताना आपला एक गुडघा पलंगावर टेकवा. पूर्ण कुशीवर लोळवायची गरज नाही, पाठीमागे उशी देऊन ३० अंश कलवलं तरी चालतं. पोटऱ्यांखाली उशी द्या, टाचा अधांतरी राहू द्या.

हवेची गादी चांगली, पण खेड्यात लाईट गेली की ती बसते. खुब्याखाली, गादीच्या खालून तळहात घालून बघा. इंचभर तरी हवा लागली पाहिजे. हवा भरणाऱ्या मोटरीला छोटा इन्व्हर्टर जोडा. चांगली गादी असेल आणि वळवताना दिसलेली लाली अर्ध्या तासात जात असेल, तर नर्स किंवा डॉक्टरांना विचारून रात्रीचं अंतर हळूहळू तीन तासांवर नेता येतं. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथं गरम किंवा कडक लागतंय का ते चाचपा. आणि पाळी लावा : दहा ते दोन एकानं, दोन ते सहा दुसऱ्यानं. सलग चार तास झोप मिळाली तरी मायचा दिवस बदलतो.

उचलताना काखेत हात घालून ओढू नका. अर्धांगाच्या माणसाचा खांदा निखळतो आणि आपली कंबर जाते. व्हीलचेअर पलंगाला तिरकी, ब्रेक लावलेली, पायदान बाजूला. त्याच्या कंबरेला रुंद पट्टा बांधून तो धरा, आपण गुडघ्यांत वाका.

बीडसारख्या जिल्ह्यात प्रश्न याहून मोठा आहे. ऊसतोडीला साखर कारखान्यावर जातो तो ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. लेकरासाठी माय घरी थांबली तर अर्धा कोयता होतो, उचल म्हणजे आगाऊ मिळणारी मजुरी घटते. ती गेली तर लेकरू म्हाताऱ्या आजीच्या गळ्यात पडतं, किंवा बहिणीची शाळा सुटते. ही घरं कुठल्याच हिशोबात दिसत नाहीत.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. केरळात ‘आश्वासकिरणम्’ योजनेत सांभाळणाऱ्याला दरमहा ६०० रुपये ठरवले आहेत. रक्कम तोकडीच, पण सांभाळणं हेही काम आहे हे तिथं मान्य झालं.

आपल्या ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी असतो. येत्या ग्रामसभेत तो कशावर खर्च झाला ते विचारा, आणि लेखी मागा : पलंग, गादी, आणि रोज चार तास मायच्या जागी बसणाऱ्या बाईची मजुरी.