दिवाणखान्यातली वळचण

दिवाळीपूर्वी जळमटे काढण्याचे काम माझी उंची पाहून माझ्याकडे सोपवण्यात आलेले आहे. पूर्वी लांब दांड्याचा कुंचा एकदा फिरवला की भागत असे. परंतु दिवाणखान्याच्या चारही भिंती जिथे छताला भिडतात तिथे कुटुंबाच्या बहुमताने पीओपीची, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसची, कॉर्निस म्हणजे पुढे आलेली नक्षीदार पट्टी बसवण्यात आली, आणि तेव्हापासून या कामाला कलाकुसरीचे स्वरूप आले. एकाखाली एक अशा वळ्या, त्यांच्याखाली चौकोनी दातांची रांग, आणि दोन दातांमधल्या फटीत कुंचा शिरत नसल्यामुळे स्टुलावर उभा राहून टूथब्रश चालवणारा मी, असे ते दृश्य असते. खालून स्टूल धरलेली सौभाग्यवती राहिलेले दात बोटाने दाखवीत असते.

या दातांची कुळकथा मोठी आहे. ग्रीक देवळे आधी लाकडी होती आणि त्यांच्या छपराच्या वाशांची टोके बाहेर डोकावत. पुढे बांधकाम दगडाचे झाले तरी कारागीर ती टोके दगडात कोरीत राहिले, असे व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुकाराने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात लिहून ठेवले आहे. म्हणजे जे वासे तेव्हाच नाहीसे झाले होते, त्यांच्या टोकांवरची धूळ मी आज नागपूरच्या धरमपेठेत पुसतो आहे.

बरे, कॉर्निस ही मुळात नुसत्या शोभेची वस्तू नव्हे. इमारतीच्या माथ्यावर ती पुढे काढायची ती पावसाचे पाणी भिंतीपासून दूर पडावे म्हणून. तिच्या खालच्या अंगाला बारीक खाच ठेवली की ओघळत आलेला थेंब भिंतीकडे न वळता तिथूनच खाली टपकतो. आमच्याकडच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांची वळचण हेच काम निमूटपणे करीत आली आहे. आमच्या इमारतीला मात्र बाहेरून वीतभर छज्जादेखील नाही, कारण सपाट भिंत आधुनिक दिसते असे बांधणाऱ्याचे मत होते. परिणामी जुलैत पश्चिमेच्या भिंतीतून ओल आत उतरते, आणि जिथे पावसाचा थेंब पडण्याची शक्यता नाही त्या दिवाणखान्यात आमची वळचण सज्ज उभी असते.

राहिलेली कसर उन्हाळ्यात कूलर भरून काढतो. जिप्सम सुमारे १५० अंशांपर्यंत तापवून त्यातले बहुतेक पाणी उडवले की प्लास्टर ऑफ पॅरिस होते, आणि कालवताना तेच पाणी परत घेऊन ते घट्ट बसते. मात्र नंतर सतत दमट हवा लागली की ते पुन्हा मऊ पडू लागते, आणि नागपुरात मे महिन्यात कूलर अष्टौप्रहर चालतो. कूलरसमोरच्या कोपऱ्यात आधी रंगाचे पोपडे सुटले आणि मग एके सकाळी एक दात निखळून थेट मामांच्या तर्री-पोह्यांच्या बशीत पडला. मामांनी प्रथम स्वतःची कवळी चाचपून पाहिली.

दुरुस्तीला आलेल्या कारागिराने, कूलर लावणे सोडा, असा सल्ला दिला. तो ऐकून मामांना पुन्हा ठसका लागला. मी त्याला विचारले की, असे काही बाहेरच्या बाजूने, खिडकीच्या वर, सिमेंटमध्ये करून देता येईल का? त्याने माझ्याकडे कीव येऊन पाहिले.

"बाहेर कोन पाह्यते जी काका? पाहुणे तं आतच बसतात नं!"