मीटर १२.६ दाखवतो म्हणून बॅटरी चांगली?

नारळी पौर्णिमा जवळ आली की नवी मुंबईच्या दिवाळे, सारसोळे, वाशीगाव या कोळीवाड्यांतल्या मोबाइलांवर एक मेसेज फिरायला लागतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, बॅटरी तशीच पडून. सेल्फ मारला की नुसतं 'कट्'. त्यावर मेसेजचा सल्ला असा: मीटर लावा, १२.६ व्होल्ट आले तर बॅटरी ठणठणीत, दोष सेल्फमध्ये (इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टर मोटरमध्ये), तो उतरवा. कमी आले तर ॲसिड भरा. जीव आहे का बघायला टर्मिनलांवर वायर घासून ठिणगी पाडा. इंजिन चालू झालं की बॅटरीची वायर काढा. इंजिन बंद पडलं नाही तर अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा) चांगला. आणि बॅटरी सिमेंटच्या लादीवर ठेवू नका. यातलं शेवटचं निरुपद्रवी आहे. बाकीचं खिशाला नाहीतर डोळ्यांना महाग पडेल.

सहा सेल, प्रत्येकी साधारण २.१ व्होल्ट, म्हणून भरलेल्या बॅटरीला १२.६ येतात हे खरं. पण त्या आकड्यावरून आतल्या ॲसिडची तीव्रता कळते, प्लेटा किती शिल्लक आहेत ते कळत नाही. अर्धवट चार्ज राहून बॅटरी पडली की प्लेटांवर सल्फेटचा कडक थर धरतो. अशी बॅटरीही निवांत असताना १२.६ दाखवू शकते, फिश फाइंडर आणि दिवा चालवू शकते, आणि सेल्फने शंभरावर अँपिअर मागितले की बसते. नुकतीच चार्जरवरून काढली असेल तर आकडा आणखी फसवा असतो. रात्रभर तशीच राहू द्या, मग मोजा.

खरी परीक्षा भाराखाली होते. डिझेल इंजिन असेल तर स्टॉप खेचून धरा म्हणजे ते पेटणार नाही, मीटर बॅटरीच्या टर्मिनलांवर लावा आणि सोबत्याला सेल्फ मारायला सांगा. (मीटर व्होल्टवरच हवा, अँपिअरवर ठेवून टर्मिनलांना लावलात तर मीटर गेला.) आकडा दहाच्या आसपास टिकला आणि इंजिन जोरात फिरलं तर बॅटरीत दम आहे. साडेनऊच्या खाली कोसळला तर संशय बॅटरीवर. पण सेल्फ किंवा इंजिनच अडकलं असेल तरीही आकडा असाच कोसळतो, म्हणून शेजारच्या होडीची चांगली बॅटरी लावून बघितल्याशिवाय नवीन घेऊ नका. आणि सेल्फ फिरतच नाही, तरी आकडा साडेबाराच्या आसपास ढिम्म राहिला, तर करंट पोचतच नाहीये.

न पोचण्याचं कारण खाडीवर बहुतेकदा वायरीतच सापडतं. खाऱ्या हवेने तांबं हिरवं पडतं आणि वरून टेप गुंडाळलेली असली की दिसतही नाही. मीटरची एक पिन बॅटरीच्या टर्मिनलवर, दुसरी त्यालाच घट्ट केलेल्या थिंबलवर (वायरीच्या टोकाच्या धातूच्या जोडावर) ठेवून सेल्फ मारा. तिथे जवळजवळ शून्य यायला हवं. अर्धा व्होल्ट दिसला तर जोड घासून साफ करा. कितीतरी सेल्फ या एका जोडापायी विनाकारण उतरवले जातात.

ॲसिड भरायचा सल्ला सगळ्यात हट्टी आहे. बॅटरीतून उडतं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. वरून ॲसिड ओतलं की हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी) छान वर येतो आणि प्लेटा लवकर खाल्ल्या जातात. भरायचं ते डिस्टिल्ड वॉटर. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर चार्ज केल्यावर सहाही सेल हायड्रोमीटरने मोजा. पाच सारखे आणि एक ०.०५० किंवा जास्त मागे असेल तर तो सेल खलास.

ठिणगीबद्दल थोडक्यात: चार्जिंगमध्ये हायड्रोजन सुटतो, हवेत ४ टक्के झाला तरी पेट घेतो आणि होडीत बॅटरी बंद पेटीत असते. शिवाय मरायला टेकलेली बॅटरीही ठिणगी देते.

वायर काढायची युक्ती तर दुहेरी फसवी. मेकॅनिकल पंपाच्या जुन्या डिझेल इंजिनाला चालत राहायला वीज लागतच नाही, मग अल्टरनेटर मेलेला असला तरी ते बंद का पडेल? आणि अल्टरनेटर चालू असेल तर वायर निघताच व्होल्टेज उसळून त्याचे डायोड आणि जोडलेला जीपीएस जाऊ शकतो. इंजिन जरा चढवून मीटर लावा. साधारण १३.८ ते १४.४ आले की चार्जिंग ठीक; १३ च्या खाली असेल तर होत नाहीये, १५ च्या वर असेल तर बॅटरी उकळतेय.

लादीचं म्हणणं लाकडी आणि रबरी पेट्यांच्या काळातलं आहे. आताच्या प्लास्टिकच्या पेटीला लादी काही करत नाही. पडून राहिलेली बॅटरी फळीवरही उतरते, उकाड्यात जास्तच. बंदीच्या काळात महिन्यातून एकदा चार्जर लावा आणि निगेटिव्ह वायर काढून ठेवा. नुसता मेन स्विच बंद करून भागत नाही, कारण बिल्ज पंपाची (होडीच्या तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपाची) वायर बऱ्याचदा थेट बॅटरीवरून घेतलेली असते. होडी पाण्यात उभी असेल तर मात्र तो पंप जोडलेलाच राहू द्या आणि चार्जिंग जास्त वेळा करा.